मेट्टूरचा धडा आणि माशाच्या वाट्याचं पाणी

1909 साली तंजावर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कोळ्ळिडम नदीवरच्या अणैक्करै बंधाऱ्यापाशी, मद्रास सरकारचे मत्स्यतज्ज्ञ एच. सी. विल्सन एक नवा प्रयोग करत होते. जाळ्यात आलेल्या हिल्साच्या मादीची अंडी हाताने पिळून काढायची, त्यांत नराचं वीर्य मिसळायचं आणि पिल्लं निघतात का ते पाहायचं. हिल्साची कृत्रिम वीण भारतात पहिल्यांदा करून पाहिली गेली ती इथे.

हजारो वर्षं जी मासळी आपली वीण आपणच करत होती, तिच्यासाठी माणसाला हे काम हाती घ्यावं लागलं, याचं कारण समोरच उभं होतं. हिल्सा, म्हणजे आपल्या कोकणातला पाला, राहतो समुद्रात आणि अंडी घालायला येतो नदीत. पुराचं गढूळ, गोडं पाणी समुद्रात उतरलं की त्याचे थवे मुखातून आत शिरतात आणि प्रवाहाच्या विरुद्ध वर वर चढतात. गोदावरीत हाच मासा पुलसा म्हणून प्रसिद्ध आहे. कावेरीच्या मुखांपैकी सर्वांत रुंद मुख कोळ्ळिडमचं, म्हणून तो इथे येई. 1836 मध्ये आर्थर कॉटन यांनी तंजावरच्या शेतीसाठी कोळ्ळिडमवर वरचा आणि खालचा असे दोन बंधारे घातले. शेतीला त्यांचा मोठा उपयोग झाला, त्याबद्दल वाद नाही. पण समुद्रातून आलेल्या माशाची वाट अणैक्करैला संपली. भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ ज्यांनी लिहिला त्या फ्रान्सिस डे यांनी 1873 च्या आपल्या सरकारी अहवालात नद्यांवरच्या अशा बंधाऱ्यांनी माशांची वाट कशी अडते, हे स्पष्टपणे मांडलं होतं. म्हणजे सरकारला हे दीडशे वर्षांपूर्वीच माहीत होतं.

पुढे मेट्टूर आलं.

तंजावरपासून सुमारे दोनशे किलोमीटर वर, सेलम जिल्ह्यात, कावेरी डोंगरांतून बाहेर पडते त्या जागी 1925 मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि 1934 मध्ये ते पुरं झालं. मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज स्टॅन्ली यांचं नाव जलाशयाला मिळालं. 1,700 मीटर लांबीची भिंत, 120 फुटांची पूर्ण पातळी, 93.47 टीएमसी साठा आणि भरल्यावर दीडशे चौरस किलोमीटरहून जास्त पसरणारं पाणी. जगातल्या मोठ्या धरणांत तेव्हा त्याची गणना होत असे. हे सगळं उभं राहिलं ते मुख्यतः तंजावरच्या भातासाठी. आजही तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम, मयिलाडुतुरै या जिल्ह्यांचं वर्ष मेट्टूरच्या दरवाजांवर चालतं. 12 जूनला पाणी सोडायचं, 28 जानेवारीला बंद करायचं, हा शिरस्ता. काही दिवसांनी ते पाणी कल्लणैच्या बांधाला पोचतं, तेव्हा मंत्री आणि शेतकरी त्यावर फुलं आणि भाताचं बी उधळतात. कुरुवै, सांबा, ताळडी ही भाताची तिन्ही पिकं त्या एका तारखेवर टांगलेली असतात.

या पाण्याच्या भांडणात मराठी माणूस नवखा नाही. कल्लणै म्हणजे करिकाल चोळाच्या नावावरचा जुना बांध, आणि तो तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याचा प्राण होता. 1764 च्या सुमारास तुळजाजी राजे आणि अर्काटचा नवाब महंमद अली यांच्यात या बांधाच्या दुरुस्तीचा हक्क कोणाचा, यावरून असा तंटा पेटला की मद्रासच्या इंग्रज कंपनीला मध्ये पडावं लागलं. बांध फुटला तर कावेरीचं पाणी कोळ्ळिडममधून थेट समुद्रात जाणार आणि तंजावर उपाशी मरणार, हे राजाला कळत होतं. त्या भांडणात बाजू दोनच होत्या, राजाची आणि नवाबाची. नदीत जाळं टाकणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. 1924 साली मद्रास आणि म्हैसूर यांच्यात करार झाला तेव्हाही विचारलं नाही, आणि आजही विचारत नाहीत.

मेट्टूर झाल्यावर काय घडलं, हे मात्र एका माणसाने लिहून ठेवलं. मद्रासच्या मत्स्य खात्याचे संचालक डॉ. बी. सुंदर राज यांनी 1941 मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात धरणं आणि मासेमारी या विषयावर एक निबंध छापला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी मेट्टूर आणि त्यापासून भारताने घ्यायचे धडे, असं म्हटलं होतं. अणैक्करैच्या बंधाऱ्याने हिल्साची वाट अडवली होती, तरी मुखापासून बंधाऱ्यापर्यंत नदी त्याची होती आणि पूर येत होता. मेट्टूरने तो पूरच अडवला. समुद्रातल्या माशाला नदीकडे बोलावणारं जे गढूळ, थंड, जोरकस पाणी, ते आता वर भिंतीमागे साठू लागलं आणि पिकाच्या गरजेप्रमाणे मापून खाली येऊ लागलं. कोळ्ळिडमची हिल्साची मासेमारी खालावत गेली आणि परत उभी राहिली नाही. नदीतून समुद्राकडे आणि समुद्राकडून नदीत ये-जा करणारा मोठा गोड्या पाण्याचा झिंगाही असाच कमी झाला.

स्वातंत्र्य सहा वर्षांवर होतं तेव्हा हा निबंध छापला गेला. भाक्रा, हिराकुड, कोयना, जायकवाडी, उजनी यांतलं एकही धरण तेव्हा झालेलं नव्हतं. इतक्या वेळेवर दिलेला इशारा क्वचितच मिळतो. तो कोणी मनावर घेतला नाही. 1975 मध्ये गंगेवर फराक्का बराज सुरू झालं आणि अलाहाबादपर्यंत जाणारा हिल्सा फराक्क्याच्या खालीच अडकला. कोळ्ळिडमवर घडलेलं तेच, फक्त कितीतरी मोठ्या नदीवर.

याचा अर्थ मेट्टूरने मासे दिलेच नाहीत असा नाही, आणि हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. भिंतीमागे जे विस्तीर्ण पाणी तयार झालं त्यात मासेमारी उभी राहिली. कटला मुळात कावेरीचा नव्हे. मद्रास मत्स्य खात्याने 1920 च्या दशकात तो गोदावरीतून आणून कावेरीत सोडला आणि जलाशय भरल्यावर तो तिथे चांगला वाढला. कोट्टैयूर, पन्नवाडी अशा काठच्या गावांतून आजही माणसं परिसलात बसून पाण्यावर जातात. परिसल म्हणजे बांबूच्या कामट्यांची, बाहेरून मढवलेली गोल होडी. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे ओढायची. धरणाच्या पायथ्याशी बागेजवळ मसाला लावून तळलेल्या माशांच्या गाड्या लागतात, आणि सेलमकडून येणारे सहलीचे लोक तिथे थांबल्याशिवाय जात नाहीत. वर होगेनक्कलच्या धबधब्यापाशीही हेच दृश्य दिसतं. शेकडो घरांचा संसार या पाण्यावर चालतो, आणि तो धरणामुळेच चालतो.

अडचण आहे ती त्यांच्या पाण्याची. जलाशय भरला तर 120 फूट, आणि वाईट वर्षी तीस फुटांच्या आसपास. 2012 ते 2019 अशी सलग आठ वर्षं 12 जूनला दरवाजे उघडता आले नाहीत, इतका साठा कमी होता. 2022 मध्ये पाणी इतकं होतं की 24 मेलाच ते सोडलं. 2023 मध्ये 12 जूनला सोडलेलं पाणी ऑक्टोबरमध्येच बंद करावं लागलं, कारण धरण तळाला गेलं होतं. 2024 मध्ये 28 जुलैपर्यंत वाट पाहावी लागली आणि मग दोन-तीन दिवसांतच धरण काठोकाठ भरलं. पाणी उतरलं की पन्नवाडीजवळ बुडालेल्या देवळाचा नंदी आणि जुन्या चर्चचे मनोरे वर येतात आणि पर्यटक फोटो काढायला धावतात. पळसदेवचं मंदिर उजनीतून वर आलं की आपल्याकडेही हेच होतं. मासेमाराच्या दृष्टीने मात्र तो क्षण सर्वांत वाईट. दीडशे चौरस किलोमीटरमध्ये पसरलेले मासे थोड्या डबक्यात कोंबले जातात. पाण्यातला प्राणवायू घटतो. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिल्लंही येतात. काठच्या उथळ पाण्यात घातलेली अंडी उघडी पडून वाळतात. पाणी संथ आणि उथळ झालं की वर हिरव्या शेवाळाची साय धरते, आणि मेट्टूरच्या पाण्याला दुर्गंधी येत असल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. पुढच्या वर्षी धरण भरलं तरी त्यात मासा एकदम कुठून येणार?

उत्तर ठरलेलं असतं. मत्स्यबीज सोडा. या उत्तराचा इतिहासही पाहायला हवा. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन कार्प माशांना पिंजऱ्यात अंडी घालायला लावलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि तो सन्मान योग्यच आहे. त्या शोधामुळे देशभर तळी आणि धरणं भरता आली. पण त्याच शोधामुळे देशातल्या बहुतेक जलाशयांत तेच तीन मासे आले: कटला, रोहू, मृगळ. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, बहुतेक धरणांत त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून दरवर्षी बोटुकली विकत घेऊन सोडावी लागतात. त्यातच 1952 मध्ये मंडपमला तिलापिया आला. त्याला पुराची गरज नाही, कुठल्याही डबक्यात तो वर्षातून अनेकदा वितो, आणि आज तमिळनाडूच्या तळ्यांपासून उजनीपर्यंत सगळीकडे त्याचंच राज्य आहे. तंजावरजवळ सूरकोट्टैला तमिळनाडूच्या मत्स्य विद्यापीठाचं शाश्वत मत्स्यशेतीचं केंद्र आहे. अशा केंद्रांनी तलावातल्या शेतीला बळ दिलं हे खरं, पण नदीतला मासा तलावात वाढवून नदी जिवंत होत नाही.

कावेरीचे स्वतःचे मासे वेगळे होते. पांढरा कार्प, कर्नाटक कार्प, लेबिओ कोंटियस. यांतले काही जगात कावेरी आणि तिच्या शेजारच्या नद्यांशिवाय कुठेही सापडत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञांच्या जुन्या नोंदींत त्यांची नावं पानोपानी येतात. आजच्या बाजारात ती ऐकू येत नाहीत.

आणि या गोष्टीत महाराष्ट्राचाही हात आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीर माशाची कृत्रिम वीण सुरू केली. नद्यांतून महसीर नाहीसा होत होता, म्हणून तो वाढवून पुन्हा नद्यांत सोडायचा, हा हेतू. तळमळीचं, चिकाटीचं काम होतं ते. निळसर परांच्या दख्खनी महसीरची लाखो पिल्लं तिथून देशभर गेली, त्यांतली काही कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा महसीर निराळा होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, आणि आकाराने अजस्र. 1946 मध्ये म्हैसूरजवळ गळाला लागलेला एक मासा 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंहून जास्त होता. जगभरचे गळ टाकणारे शौकीन त्यासाठी कावेरीवर येत. बाहेरून आलेला महसीर कावेरीत रुजला, त्याची संख्या वाढत गेली, आणि मूळचा उंचवट्याचा महसीर गळाला लागेनासा झाला. 1998 पासून 2012 पर्यंतच्या गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी तपासून एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हे मांडलं. 2018 मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख टोर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं होतीच. पण शुद्ध हेतूने सोडलेलं बीजही त्यात आलं. आणि ज्या माशाचं नाव विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून नोंदवलं, तो दख्खनी महसीर आज आपल्याच इंद्रायणीत प्रदूषणाने मरतो, देहूच्या डोहात मेलेल्या माशांच्या बातम्या येतात. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत नेऊन पहिली नदी वाचत नाही आणि दुसरीही बिघडते.

म्हणून तंजावरची ही गोष्ट मराठी वाचकाने दूरची समजू नये. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. 1980 मध्ये पुरी झालेली उजनी घ्या. भिगवणचा मासळी बाजार, महामार्गावरची मच्छी थाळी, पत्र्याच्या होड्या घेऊन पहाटे पाण्यावर जाणारे भोई आणि कोळी, हे सगळं या एका जलाशयावर उभं राहिलं. पण दर उन्हाळ्यात बातमी येते, उजनी मायनसमध्ये गेली. उजनीत वापराच्या पातळीखाली सुमारे 63 टीएमसी पाणी असतं, आणि माशाचा उन्हाळा त्यातच निघतो. ऊस, शहरांचं पिण्याचं पाणी, कालव्याचं आवर्तन यांसाठी त्या पाण्यालाही हात घातला जातो. वरून मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं आणि पाणी हिरवं होतं. स्थानिक मरळ, वाम, शिंगटा मागे पडतात, चिलापी म्हणजे तोच तिलापिया जाळ्यात भरून येतो. ठेका काही वर्षांचा असतो, त्यामुळे ठेकेदाराला आहे ते काढून घेण्याची घाई. बारीक आसाची जाळी आणि वडापाचं जाळं ओढणं यांवर बंदी आहे, ती कागदावर. मेट्टूर आणि उजनी यांच्यात राज्य, भाषा, नदी वेगळी आहे, पण धरणातल्या माशाची आणि मासेमाराची स्थिती एकच.

कावेरीच्या पाण्याचा हिशेब तर लिहूनच ठेवलेला आहे. 1990 मध्ये नेमलेल्या लवादाने 2007 मध्ये अंतिम निवाडा दिला. 740 टीएमसी पाण्यापैकी तमिळनाडूला 419, कर्नाटकाला 270, केरळला 30, पुदुच्चेरीला 7. पर्यावरणासाठी 10 आणि समुद्रात अपरिहार्यपणे जाणारं म्हणून 4. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांचे वाटे थोडे बदलले, शेवटचे दोन आकडे तसेच ठेवले. म्हणजे नदीला, तिच्या मुखाला, खारफुटीला, माशाला, सगळ्यांना मिळून दोन टक्क्यांहून कमी. त्यातही हे दहा टीएमसी कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, कशासाठी सोडायचे, याची तंजावरच्या मासेमाराला दिसेल अशी तारीख कुठेही नाही. भाताला 12 जून आहे.

धरणातून ठरलेल्या दिवशी, शेतीखेरीज दुसऱ्या कारणासाठी पाणी सोडता येत नाही, असं कोणी म्हणणार असेल तर त्याने तमिळ आडी महिन्याची अठरावी तारीख आठवावी. त्या दिवशी आडिपेरुक्कूच्या सणाला कावेरीकाठच्या बायका नदीची ओटी भरतात, नव्या मंगळसूत्राचा दोरा बांधतात. धरणात पाणी कमी असलेल्या वर्षांतही सरकारने त्या सणासाठी मेट्टूरमधून खास पाणी सोडलेलं आहे. आपल्याकडे आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांना स्नान करता यावं म्हणून उजनीतून पाणी सोडतात. दोन्ही गोष्टी योग्य आहेत. नदी माणसाच्या श्रद्धेची आहे, तिच्यात त्या दिवशी पाणी असायलाच हवं. आणि गंमत नव्हे, निसर्गाचा नियम असा की आडी आणि आषाढ हाच माशाच्या विणीचा काळ. पहिल्या पुराबरोबर पोटात अंडी घेऊन ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे मासे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहेत, चढणीचे मासे म्हणतात त्यांना. सणासाठी जे पाणी सोडतात, ते दोन-चार दिवस लांबवलं, एकदम न थांबवता हळूहळू उतरवलं, तर त्याच पाण्याने माशाची वीणही साधेल. यासाठी नवं धरण लागत नाही, नवा कायदा लागत नाही, दरवाजे चालवण्याच्या वेळापत्रकात एक ओळ लागते.

या पाण्याबरोबरच मासेमाराचा हक्कही पक्का व्हायला हवा, नाहीतर वाढलेला मासा ठेकेदाराच्या गाडीत जाईल. याचंही उदाहरण आपल्या शेजारी आहे. मध्य प्रदेशात नर्मदेच्या तवा उपनदीवरच्या धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी वर्षानुवर्षं आंदोलन करून 1996 मध्ये त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघाने पावसाळ्यातली बंदी स्वतः पाळली, चोरट्या मासेमारीवर स्वतः पहारा ठेवला, बीज स्वतः सोडलं. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांनीच ते पाणी राखलं. दहा वर्षांनी त्यांचा ठेका पुढे चालू ठेवला गेला नाही, आणि या देशाच्या मत्स्यधोरणाची ती मोठी चूक होती. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत, मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवर समाजाने तलावांतल्या मूळ पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासे परत आणले. त्यात बायका पुढे होत्या. लहान तलावात जे जमलं ते मोठ्या धरणात जसंच्या तसं होणार नाही, पण दिशा तीच आहे. बाहेरून बोटुकलीचं पाकीट आणून ओतण्यापेक्षा, त्या नदीचा मासा त्या नदीत वाढेल अशी जागा आणि पाणी द्यायचं.

वाहत्या नदीची ताकद किती, हे अमेरिकेच्या क्लॅमथ नदीने 2024 मध्ये दाखवलं. तिथली चार धरणं पाडली आणि त्याच वर्षी शरद ऋतूत समुद्रातून आलेला सॅमन शंभराहून अधिक वर्षं बंद असलेल्या वरच्या पात्रात अंडी घालायला पोचला. कोणी मेट्टूर किंवा उजनी पाडा असं म्हणत नाही. तंजावरचा भात आणि सोलापूरचं पिण्याचं पाणी त्यांवर आहे. पण मासा नदीची वाट विसरत नाही, इतकं तिथे सिद्ध झालं.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. मेट्टूरमध्ये आणि उजनीत उन्हाळ्यात एका ठरावीक पातळीखाली पाणी काढायचं नाही, पिण्याच्या पाण्याचा अपवाद सोडून. पावसाळ्यातल्या बंदीच्या काळात जाळं न टाकणाऱ्या घरांना समुद्रातल्या मासेमारांसारखी नियमित भरपाई द्यायची. तमिळनाडूने 2023 मध्ये समुद्रातल्या बंदीसाठीची मदत पाच हजारांवरून आठ हजार रुपयांवर नेली, धरणातल्या मासेमारालाही तोच न्याय हवा. ठेका देताना लिलावाच्या रकमेऐवजी काठच्या गावांच्या संस्थेला प्राधान्य आणि किमान दहा वर्षांची मुदत. बीज सोडायचं तर त्याच खोऱ्याच्या माशाचं, आणि ते कुठून आलं याची नोंद लोकांना पाहता येईल अशी.

हे सगळं कोण ठरवणार? पाणी ज्या टेबलावर वाटलं जातं त्या टेबलाशी मासेमार बसल्याशिवाय यातलं काही होणार नाही. कावेरीसाठी 2018 पासून कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण आहे, त्यात राज्यांचे अभियंते आणि सचिव बसतात. उजनीसाठी कालवा सल्लागार समिती आहे, तिथे मंत्री, आमदार, साखर कारखान्यांचे आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आवर्तनाच्या तारखा ठरवतात. सोलापूर आणि पुण्याच्या पालकमंत्र्यांनी पुढच्या बैठकीला उजनीकाठच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या प्रतिनिधीला बोलवावं, त्याला मताचा अधिकार द्यावा, आणि त्याने मागितलेली पाण्याची तारीख इतिवृत्तात लिहावी.